नऊ ओळींचं फंक्शन आणि त्यामागचं लटांबर

जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ‘युटिल्स’ किंवा ‘हेल्पर्स’ नावाची एक फाइल असते. दुसरीकडे कुठे न बसणारं सगळं त्या फाइलमध्ये कोंबलेलं असतं. तारीख हव्या त्या साच्यात छापणारं फंक्शन (फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेला, हवा तेव्हा बोलावता येणारा कोडचा तुकडा), यादीतल्या दुबार नोंदी काढणारं, हजार नोंदी शंभर-शंभरच्या तुकड्यांत पाडणारं, सर्व्हरनं उत्तर दिलं नाही तर थोडं थांबून पुन्हा विचारणारं. ही झाली हेल्पर फंक्शनं. प्रोग्रामचं मुख्य काम ती करत नाहीत, पण ती काढून घेतली तर मुख्य काम करणारा कोड दर दहा ओळींनी अडखळेल.

अशातलं एखादं फंक्शन तिसऱ्या प्रोजेक्टमध्ये चिकटवताना मनात येतं, हे मी एकट्यानं तीनदा वापरलंय तर जगात किती जणांनी पुन्हापुन्हा लिहिलं असेल? एकदाच नीट लिहून सगळ्यांसाठी ठेवून दिलं तर? ओपन सोर्सचे, म्हणजे कोणालाही वाचायला-वापरायला खुल्या कोडचे, सामायिक संग्रह याच विचारातून उभे राहिलेत. पर्ल भाषेचा सीपॅन १९९५ पासून आहे. सी++ वाल्यांचा बूस्ट १९९८ मध्ये सुरू झाला आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी २०११ च्या प्रमाणित सी++ मध्ये जाऊन बसल्या. जावास्क्रिप्टमध्ये २००९ साली अंडरस्कोर आलं, २०१२ मध्ये त्यातून लोडॅश फुटून निघालं. पायथनचं ‘पेअरवाइज’ घ्या. यादीतल्या शेजारशेजारच्या घटकांच्या जोड्या लावून देणं एवढंच त्याचं काम. कित्येक वर्षं ते अधिकृत दस्तावेजात नुसतं ‘रेसिपी’ म्हणून छापलेलं असे आणि लोक तिथून उतरवून घेत. ‘मोअर-आयटरटूल्स’ या संग्रहानं ते तयार देऊ केलं. शेवटी २०२१ च्या पायथन ३.१० मध्ये ते भाषेच्या मूळ संचातच आलं.

इतकं सगळं छान आहे, तर मग आपलं फंक्शन उचलायचं आणि पाठवून द्यायचं, एवढंच ना? मलाही तसंच वाटलं होतं.

मी पहिल्यांदा पाठवलं ते मजकूर छोटा करणारं फंक्शन. पायथनमध्ये, मोजून नऊ ओळी. त्याला मजकूर द्यायचा आणि मर्यादा सांगायची. मजकूर मर्यादेत बसत असेल तर जसाच्या तसा परत. नसेल तर मर्यादेतून तीन वजा करायचे, तेवढी अक्षरं घ्यायची आणि मागे तीन टिंबं लावायची. आमच्या प्रोजेक्टमध्ये ते दोन वर्षं बिनबोभाट चाललं होतं. एका छोट्या संग्रहाला ते पाठवलं आणि दोन दिवसांनी मेंटेनरचं, म्हणजे तो संग्रह सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं. आभार एका ओळीत, प्रश्न तीन.

पहिला प्रश्न असा, की पायथनच्याच ‘टेक्स्टरॅप’ मॉड्यूलमध्ये ‘शॉर्टन’ आहे, ते का नको? खरं सांगायचं तर ते आहे हेच मला ठाऊक नव्हतं. २०१४ च्या पायथन ३.४ पासून ते तिथे होतं आणि मी मात्र काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होतो. माझं नशीब की दोन्हींत फरक निघाला. शॉर्टन फक्त शब्द संपतो तिथेच कापतं आणि वाटेतल्या नव्या ओळी, जादा मोकळ्या जागा सगळं एक करून टाकतं. मला ओळी जशा आहेत तशा ठेवायच्या होत्या. पण हे मी कोड लिहिण्याआधी शोधायला हवं होतं, कोणी विचारल्यावर नव्हे. भाषेचा मूळ संच, मग तो संग्रह आणि मग त्या संग्रहातल्या बंद झालेल्या चर्चा, या क्रमानं शोधावं. बंद चर्चा तर जरूर वाचाव्यात. आपलं फंक्शन तिथे आधी दोघांनी सुचवलेलं आणि दोन्ही वेळा कारणासकट नाकारलेलं असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त असते.

दुसरा प्रश्न वाचून मी हसलो होतो. ‘मर्यादा २ दिली तर?’ दोन अक्षरांत मजकूर कोण बसवेल? तरी चालवून पाहिलं. ‘नमस्ते’ हा शब्द दिला, मर्यादा दोन. पायथनच्या हिशेबात या शब्दात सहा चिन्हं आहेत, म्हणून तो दोनांत बसत नाही, कापायला हवा. दोनातून तीन गेले, उरलं उणे एक. आता पायथनमध्ये ‘उणे एकापर्यंत घे’ याचा अर्थ ‘शेवटचं एक सोडून बाकी सगळं घे’ असा होतो. माझ्या फंक्शननं इमानदारीत पाच चिन्हं घेतली, त्यांना तीन टिंबं लावली आणि आठ चिन्हांचा मजकूर परत दिला. मागितली होती दोन, मूळ शब्दात होती सहा आणि ‘छोटा’ करून मिळाली आठ! ना एरर, ना इशारा.

दोन वर्षांत आम्हाला हे कळलं नाही कारण आमच्याकडे मर्यादा नेहमी ऐंशीच असायची. घरगुती हेल्परचं असंच असतं. त्याला बोलावणारे चार जण आपल्या ओळखीचे, ते काय देणार ते आपल्याला माहीत. सामायिक संग्रहात बोलावणारा कोण, कुठला, काय हातात घेऊन येईल याचा पत्ता नाही. तो रिकामा मजकूर देईल, शून्य देईल, उणे पाच देईल, मजकुराच्या जागी ‘नन’, म्हणजे पायथनमधलं ‘काहीच नाही’, देईल. अशा कडेच्या परिस्थितींना एज केस म्हणतात आणि माझ्या अनुभवात हेल्पर लिहिण्याचं निम्म्याहून जास्त काम त्यांच्यावरच जातं. त्यात दर वेळी बरोबर उत्तर एकच असतं असंही नाही. मर्यादा टिंबांपेक्षा लहान असेल तर एरर फेकायचा, की टिंबंच कापायची, की टिंबं न लावता नुसता मजकूर कापायचा? शॉर्टन अशा वेळी एरर देतं. तिन्ही पर्याय चालण्यासारखे आहेत. त्यातला एक निवडून तो स्पष्ट लिहून ठेवायचा असतो.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. ‘अक्षर म्हणजे नक्की काय?’

आपण ‘नमस्ते’ वाचतो तेव्हा न, म, स्ते अशी तीन अक्षरं दिसतात. संगणक मात्र न, म, स, हलंत, त आणि एकाराची मात्रा अशी सहा चिन्हं साठवतो. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला आपला क्रमांक असतो आणि पायथनची लांबी हे क्रमांक मोजते. आता हा शब्द चार चिन्हांवर कापा. हाती येतं ‘नमस्’, पाय मोडलेलं. पाचांवर कापा, ‘नमस्त’ मिळतं, म्हणजे मात्रा गळाली आणि शब्दच बदलला. माझ्या फंक्शननं दोन वर्षांत किती शीर्षकांचे पाय मोडले असतील कोण जाणे. मराठी मजकूर त्यातून जात होता आणि मीच मराठी वाचणारा! इमोजींचंही तेच. आई-वडील आणि दोन मुलं असं कुटुंबाचं जे एक चित्र दिसतं, ते आत सात चिन्हांचं असतं: चार माणसं आणि त्यांना जोडणारी तीन अदृश्य चिन्हं. मध्येच कापलं तर कुटुंबातलं कोणीतरी गायब.

यावर युनिकोडकडे नियम आहेत. वाचणाऱ्याला एक वाटणारा चिन्हांचा गट कसा ओळखायचा ते त्यांत दिलेलं आहे. पण तेही स्थिर नाहीत. २०२३ साली युनिकोड १५.१ आलं, तोपर्यंत त्या नियमांनुसार ‘स्ते’चे ‘स्’ आणि ‘ते’ असे दोन गट पडायचे. त्यानंतर देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं अखंड धरली जाऊ लागली. म्हणजे ‘नमस्ते’ची लांबी चार की तीन, हे तुमच्याकडे नियमांची कोणती आवृत्ती आहे त्यावर ठरतं. नऊ ओळींच्या फंक्शनमध्ये एवढं भुयार निघेल असं मला वाटलं नव्हतं.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. फंक्शन संग्रहात जातं तेव्हा त्या ओळींबरोबर एक शब्द दिला जातो. अमुक दिलं की तमुक मिळेल, आज मिळेल, पुढच्या वर्षीही मिळेल, असा तो शब्द. ओळी कोणीही लिहील. शब्द पाळायचा असतो मेंटेनरला, आणि बहुतेकदा पाठवणारा तोवर निघून गेलेला असतो. म्हणून मेंटेनर एवढे कुरकुरे वाटतात. स्वतःच्या नोकरीनंतरच्या तासांत जुने बग, म्हणजे कोडमधल्या चुका, निपटणाऱ्या माणसाकडे अनोळखी कोणी आणखी एक फंक्शन सांभाळायला धाडतो, तेव्हा ‘घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं’ अशीच त्याची गत होते.

हा शब्द किती दूरपर्यंत बांधून घालतो याचं एक निरीक्षण प्रोग्रामरांमध्ये ‘हायरमचा नियम’ म्हणून ओळखलं जातं. तेव्हा गूगलमध्ये असलेले इंजिनिअर हायरम राइट यांच्या नावानं. मतलब असा, की वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही कागदावर काय कबूल केलंय याला महत्त्व उरत नाही. फंक्शन जे जे करताना दिसतं त्या प्रत्येक गोष्टीवर कोणीतरी विसंबलेला असतोच. पायथनच्या डिक्शनरीचंच, म्हणजे नाव आणि त्यापुढची किंमत अशा नोंदींच्या संचाचंच, पाहा. २०१६ च्या ३.६ आवृत्तीत ती नोंदी टाकल्या त्याच क्रमानं परत देऊ लागली. हा आतल्या रचनेचा योगायोग आहे, त्यावर भरवसा ठेवू नका, असं दस्तावेजात बजावलं होतं. लोकांनी ठेवायचा तो ठेवलाच. २०१८ च्या ३.७ मध्ये तो क्रम भाषेचा अधिकृत नियम झाला.

म्हणून व्हर्जनचे आकडे. बहुतेक संग्रह तीन भागांचा आकडा वापरतात, समजा २.४.१. नुसता बग सुधारला तर शेवटचा आकडा वाढतो. जुन्याला धक्का न लावता नवीन फंक्शन आलं तर मधला. आधी दिलेला शब्द मोडावा लागला तर पहिला. तुमचं नवं फंक्शन मधला आकडा वाढवतं, म्हणजे ते येणं सोपं. उद्या त्याचं नाव बदलायचं म्हटलं तर पहिला आकडा हलतो आणि वापरणाऱ्या प्रत्येकाला आपला कोड तपासावा लागतो.

त्यामुळे नाव आधीच नीट ठरवावं. ‘प्रोसेस’, ‘हँडल’, ‘डू-स्टफ’ असली नावं घरात चालतात. काही नावं तर उघड दिशाभूल करतात, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. ‘गेट’नं सुरू होणारं फंक्शन गुपचूप फाइल लिहीत असेल तर पुढचा माणूस तासभर चुकीच्या जागी बग शोधेल. पायथनमध्ये ‘सॉर्ट’ हातातली यादीच जागच्या जागी लावतं आणि ‘सॉर्टेड’ मूळ यादीला हात न लावता नवी यादी देतं. दोन अक्षरांचा फरक, पण एकदा कळला की विसरत नाही.

नावाच्या बाबतीत अलीकडचं गाजलेलं प्रकरण लिनक्स कर्नेलमधलं, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातलं. ऑगस्ट २०२५ मध्ये रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठीच्या बदलांसोबत एक चिमुकलं हेल्पर आलं होतं. दोन १६ बिटांच्या संख्या घेऊन एक ३२ बिटांची संख्या बनवणारं. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते धुडकावलं, आणि त्यांच्या नेहमीच्या तिखट भाषेत. बदल उशिरा आले होते हा एक राग होताच. पण हेल्परबद्दलचा मुद्दा निव्वळ तांत्रिक होता. पहिली संख्या १६ घरं डावीकडे सरकवून त्यात दुसरी मिळवा, असं सरळ लिहिलं तर कुठली संख्या वरच्या अर्ध्यात जाते ते डोळ्यांसमोर असतं. हेल्परच्या नावातून ते अजिबात कळत नाही. म्हणजे फंक्शननं काम सोपं करण्याऐवजी माहिती झाकली. भाषा जरा सौम्य असती तर बरं झालं असतं, पण मुद्दा मला पटतो. मूळ ओळ फंक्शनच्या नावापेक्षा स्पष्ट असेल तर ते फंक्शन नसलेलं बरं.

मग किती छोटं म्हणजे फार छोटं? जावास्क्रिप्टच्या जगानं याचा धडा २२ मार्च २०१६ ला घेतला. एनपीएम या सामायिक भांडारात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज होतं. मजकुराच्या डावीकडे मोकळ्या जागा किंवा शून्यं भरून तो ठराविक लांबीचा करायचा, बस. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि लेखकानं आपली सगळी पॅकेजेस भांडारातून काढून घेतली. त्यात हेही गेलं. बाबेलसारखी मोठमोठी साधनं त्याच्यावर आडून-आडून अवलंबून होती, आणि जगभर लोकांचे बिल्ड कोसळू लागले, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयारच होईना. कोणीतरी तेच फंक्शन नव्या आवृत्तीचा आकडा देऊन पुन्हा टाकलं, पण जुनी साधनं ०.०.३ हीच आवृत्ती मागत होती. शेवटी एनपीएमनं काढून टाकलेलं पॅकेज आपल्या हातानं परत आणलं आणि पुढे पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले. २०१७ च्या जावास्क्रिप्टमध्ये हेच काम करणारं ‘पॅडस्टार्ट’ भाषेतच आलं.

या प्रकरणातून ‘छोटी फंक्शनं वाटूच नयेत’ असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. मला तो पटत नाही. अकरा ओळींचं एक सुटं पॅकेज आणि दहा जण मिळून सांभाळत असलेल्या संग्रहातलं अकरा ओळींचं एक फंक्शन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच माणसाच्या हातातली किल्ली धोक्याची होती.

आता टेस्ट. टेस्ट म्हणजे फंक्शनला ठराविक गोष्टी देऊन ठरलेलं उत्तर येतं का हे तपासणारा छोटा कोड. दर बदलानंतर तो आपोआप चालतो. दिलेला शब्द पाळला जातोय ना, याचा चौकीदारच म्हणा. आपल्याला वाटतं, इतक्या साध्या फंक्शनला टेस्ट कशाला? त्यावर बायनरी सर्चची गोष्ट सांगितली पाहिजे. क्रमानं लावलेल्या यादीत मधोमध बघायचं, मग उरलेल्या अर्ध्यात मधोमध, असं करत शोधायचं; पाठ्यपुस्तकातला पहिल्या वर्षाचा विषय. मध्य काढायला खालचं टोक आणि वरचं टोक यांची बेरीज भागिले दोन. जावाच्या मूळ संचातल्या बायनरी सर्चमध्ये हेच होतं, आणि ते चुकीचं होतं. जावाची साधी पूर्णांक संख्या २१४७४८३६४७ च्या पुढे जात नाही, पुढे गेली की ऋण होते. यादी सुमारे १०७ कोटींच्या पुढे गेली की टोकांची बेरीज ही हद्द ओलांडू शकते, मध्य ऋण येतो आणि प्रोग्राम आपटतो. ते फंक्शन लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये स्वतःच हे जाहीर केलं. बग सुमारे नऊ वर्षं तिथे होता. उपाय एका ओळीचा. वरच्यातून खालचं वजा करा, त्याला दोननं भागा आणि ते खालच्यात मिळवा.

टेस्ट लिहिताना लोक सुखाची उदाहरणं आधी लिहितात. मी आता उलटं करतो. रिकामं, एकच घटक, अगदी मर्यादेवरचं, मर्यादेहून एक जास्त, शून्य, उणे. हे आधी. सुखाचं उदाहरण शेवटी एखादं, तेही दस्तावेजात दाखवायला. पायथनमध्ये ‘डॉकटेस्ट’ नावाची सोय आहे. वर्णनात लिहिलेलं उदाहरण ती खरोखर चालवून बघते, त्यामुळे वर्णन आणि कोड यांची फारकत झाली की लगेच आरडाओरडा होतो. वर्णनात आतली युक्ती समजावत बसू नये. काय द्यायचं, काय मिळेल, कधी एरर येईल आणि एक उदाहरण, एवढ्यावर वाचणारा खूश असतो.

पाठवायची रीत दिसते अवघड, पण आहे सोपी. संग्रहाचा सगळा कोड आणि त्याचा इतिहास ज्या जागी असतो तिला रेपो म्हणतात. तिथे लिहायचा हक्क तुम्हाला नसतो, म्हणून त्याची स्वतःपुरती प्रत काढायची, तिला फोर्क म्हणतात. त्या प्रतीत एक वेगळी फांदी, म्हणजे ब्रँच काढून त्यावर बदल करायचे. बदल छोट्या टप्प्यांत नोंदवायचे, ती झाली कमिट. मग मूळ संग्रहाला सांगायचं की माझ्या फांदीवरचे हे बदल तुमच्याकडे ओढून घ्या. हीच पुल रिक्वेस्ट. रोजच्या बोलण्यात ‘पीआर टाकला’. टाकल्याबरोबर यंत्र सगळ्या टेस्ट चालवतं आणि हिरवी किंवा लाल खूण दाखवतं. हिरवी आली की माणूस बघतो. त्याला पटलं की मर्ज, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये मिसळला जातो. एका पीआरमध्ये एकच गोष्ट असावी. फंक्शन देता देता शेजारच्या फाइलमधल्या मोकळ्या जागाही नीट केल्या, असं केलंत की तपासणाऱ्याला खरा बदल शोधत बसावं लागतं. आणि संग्रहात बदल पाठवण्याचे नियम सांगणारी ‘काँट्रिब्युटिंग’ नावाची फाइल असते, ती आधी वाचावी. मी वाचली नव्हती.

लायसन्सचा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळता येत नाही. तुम्ही लिहिलेल्या कोडचा हक्क आपोआप तुमचा असतो. नोकरीत लिहिला असेल तर बहुतेक वेळा कंपनीचा. म्हणून ऑफिसच्या प्रोजेक्टमधलं फंक्शन उचलून देण्याआधी परवानगी घ्यावी. मी घेतली होती, एवढं एक काम मी बरोबर केलं. दुसरा खड्डा उतरवलेल्या कोडचा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरची उत्तरं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली असतात, ज्यात मूळ लेखकाचं नाव देणं आणि तोच परवाना पुढे चालवणं बंधनकारक आहे. एमआयटी या बऱ्याच सैल लायसन्सच्या संग्रहात तो कोड गुपचूप घालता येत नाही. कल्पना घ्या, ओळी स्वतःच्या लिहा. लिनक्स कर्नेलमध्ये २००४ पासून प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्यानं ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहून आपलं नाव द्यायचं असतं. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, अशी ती सही. बाकी काही संग्रह तर आधी रीतसर करारावर सही मागतात.

आणि मग वाट बघायची. आठवडा, कधी तीन महिने. नव्या माणसाकडे थोडं संशयानं पाहिलं जातं, त्याचा राग येऊ देऊ नये. त्याला कारणं आहेत. ओपन सोर्सला हातभार लावायला बोलावणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या उपक्रमात २०२० साली चार पीआरवर टी-शर्ट मिळायचा. लोकांनी वर्णनाच्या फाइलमध्ये एखादा शब्द इकडेतिकडे करून मेंटेनरांवर पीआरचा पाऊस पाडला, आणि आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. ही झाली गंमत. मार्च २०२४ चं ‘एक्सझेड’ प्रकरण गमतीचं नव्हतं. फाइली दाबून लहान करणाऱ्या या साधनात एका सहयोगकर्त्यानं दोनेक वर्षं नेमानं काम करून विश्वास कमावला, मेंटेनरपद मिळवलं आणि मग चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं की दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला म्हणून ते उघडकीला आलं. अशा जगात ‘हे फंक्शन कशासाठी, नेमकं सांगा’ असं कोणी विचारलं तर ते उद्धटपणाचं नाही.

रिव्ह्यूमधल्या, म्हणजे पीआरच्या तपासणीतल्या, शेऱ्यांना उत्तर देताना एक युक्ती मला उपयोगी पडली. शेरा पटला तर बदल करून ‘केलं’ एवढंच लिहायचं. पटला नाही तर वाद घालण्याऐवजी एक टेस्ट लिहून दाखवायची. टेस्ट पास झाली की वाद संपतो, नापास झाली तर आपली चूक चारचौघांत वाढण्याआधी कळते.

माझ्या फंक्शनचं पुढे काय झालं ते राहिलं. अडलं ते तिसऱ्या प्रश्नावर. अक्षरं नीट ओळखून कापायची तर बाहेरचं पॅकेज लागणार होतं, कारण त्या वेळच्या पायथनच्या मूळ संचात ती सोय नव्हती, आणि बाहेरच्या कशावरही अवलंबून राहायचं नाही हा त्या संग्रहाचा नियम होता. काँट्रिब्युटिंग फाइलमध्ये दुसऱ्याच ओळीत लिहिला होता. पीआर बंद झाला.

पण या सगळ्या चर्चेत मी सात टेस्ट लिहिल्या होत्या. मेंटेनरनं त्या संग्रहात आधीपासून असलेल्या, ओळी ठराविक रुंदीत बसवणाऱ्या फंक्शनवर लावून पाहिल्या, आणि दोन नापास झाल्या. एक तीच, मर्यादा टिंबांपेक्षा लहान असण्याची. त्यांच्याकडेही वजाबाकी उण्यात जात होती. ती चूक एका ओळीत सुधारली, आणि ती ओळ व सात टेस्ट एवढं माझ्या नावावर मर्ज झालं. माझ्या मूळ नऊ ओळींतली एकही त्यात नाही. दुसरी नापास टेस्ट ‘नमस्ते’ची. ती अजून तशीच आहे, ‘नापास होणं अपेक्षित’ असा शिक्का मारून ठेवलेली. कोणीही त्या संग्रहात काहीही बदललं की ती पुन्हा चालते आणि पुन्हा नापास होते.